न धुतलेली गाडी

"गाडी धुवाची नाई. जशी आणली तशीच तपासा."

चंद्रपूर शहराबाहेरच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या फाटकात आपली पांढरी सात आसनी व्हॅन आडवी लावून गोकुळाबाई भानारकर हेच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारत होत्या. व्हॅन पांढरी आहे हे मला ठाऊक होते म्हणून मी पांढरी म्हणतो. पाहणाऱ्याला ती मातकट दिसली असती. चाकांवर वाळलेला चिखल होता, दारांवर धूळ होती, मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने हसरा चेहरा काढला होता. फाटकावरचा रखवालदार, धुलाई विभागातला पाईप हातात धरलेला माणूस आणि मागे खोळंबलेल्या दोन मोटारींचे मालक, सारेच या बाईंकडे पाहत होते. गाडी धुऊन मिळते याचा कुणाला राग यावा, हे त्यांच्या आकलनापलीकडचे होते.

हा राग कुठून आला, हे मला माहीत होते. तो नीट समजावा म्हणून थोडे मागे जावे लागेल.

गोकुळाबाई पोंभुर्णा तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावच्या. वडील मनसाराम भानारकर हे धिवर. तलावात जाळे टाकणे, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जाणे आणि उरलेल्या काळात मिळेल ती मजुरी करणे हे त्यांचे आयुष्य. मुलीने मात्र बी.ए. केले, शिक्षिका होण्यासाठी मुलाखती दिल्या आणि त्या मुलाखतींचा खरा अर्थ, म्हणजे किती लाख देणार हा प्रश्न, उमगल्यावर एक दिवस सगळी प्रमाणपत्रे पेटीत ठेवून वाहन चालवण्याचा परवाना काढला. "तेवढी एक परीक्षा अशी होती सर, का जिच्यात गाडी चालवता येते का हेच पायलं," असे त्या सांगतात. या विधानातला कडवटपणा मला पुरेपूर कळतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि या जिल्ह्यात गुणवत्तेची तपासणी कशी होते, हे वीस वर्षे जवळून पाहत आलो आहे.

पोंभुर्ण्याच्या बसथांब्यावर पुरुष चालकांनी त्यांचे स्वागत कसे केले असेल, ते वेगळे सांगायला नको. एकाने विचारले होते, "बाई, डोंगा सोडून गाडीत काऊन बसली?" त्यावर त्या म्हणाल्या, "डोंग्यात तुयासारखं वजन घेतलं त बुडते. गाडीत चालते." त्या दिवसापासून थांब्यावर त्यांच्याशी बोलताना लोक आधी विचार करू लागले.

माझी थोरली बहीण रुखमाताई हिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यावे लागते. आसपासच्या गावांतल्या अशा रुग्णांसाठी एका सेवाभावी संस्थेने गोकुळाबाईंची व्हॅन लावून दिली आहे. जंगलातल्या रस्त्यावरून एस.टी.ने जाणे आणि चार तास यंत्राला जोडलेले राहून त्याच एस.टी.ने परतणे, हे त्या रुग्णांच्या आवाक्यातले नाही. म्हणजे ही व्हॅन बंद पडली तर कोणाचे काय होईल, यासाठी गणित मांडण्याची गरज नव्हती. मी बहिणीसोबत जातो, म्हणून पुढे जे सांगतो आहे ते समोर बसून पाहिलेले आहे.

दिवाळीनंतर व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला. भडका उडेल असा उग्र नव्हे; पण बंद काचांच्या आत तासभर बसलेल्या, आधीच मळमळणाऱ्या माणसाला उलटी व्हावी इतका निश्चित. त्याच सुमारास समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटू लागला. रुखमाताईने पहिल्यांदा उलटी केली तेव्हा तिने आजाराला दोष दिला. तिसऱ्यांदा केली तेव्हा तिने पदराने तोंड पुसले आणि शांतपणे म्हणाली, "गोकुळा, मी नाई येत आता. मरायचंच हाय त घरी मरतो, वासात कायले मरू."

"मावशी, तुमी असं नोका बोलू," गोकुळाबाई म्हणाल्या. "वास मले बी येते. वास हाय म्हणजे जागा हाय. जागा सापडन."

संस्थेलाही ही गोष्ट कळली. संस्थेच्या समन्वयकांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की, महिनाअखेरपर्यंत वाहन निर्दोष झाले नाही, तर ते रुग्णसेवेतून काढावे लागेल. दुसरे वाहन कोठून येईल, या प्रश्नावर त्यांनी तितक्याच सौजन्याने मौन पाळले.

मग सर्व्हिस सेंटरच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे स्वप्निल नावाचा सल्लागार होता. इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मॅडम'. त्याने यंत्र जोडले आणि निदान वाचून दाखवले: बाष्प यंत्रणेत बारीक गळती.

ही यंत्रणा फार गूढ नाही. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून नळीने एका डब्यात नेतात. त्या डब्यात कोळसा असतो आणि तो ही वाफ शोषून धरतो. पुढे इंजिन चालू असताना एक झडप उघडते आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. टाकीचे झाकण, तोंडापासून टाकीपर्यंतचा नळ, नळ्या, डबा, झडपा हे सारे मिळून एक बंद घर. त्या घराला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी गाडीतला संगणक दाब तपासून ते ओळखतो आणि पिवळा दिवा लावतो. भोक आहे, एवढे तो सांगतो. कोठे आहे, ते सांगत नाही. ते माणसाने शोधायचे असते, आणि सारा घोळ तिथेच होता.

पहिल्या वेळी झाकणाचे रबर बदलून दिले. दिवा विझला. दोन फेऱ्या झाल्या आणि पुन्हा पेटला.

दुसऱ्या वेळी स्वप्निलने विचारले, "मॅडम, पेट्रोल भरताना नोझल आपोआप बंद झाल्यावर पण भरता का तुम्ही?"

"भरतो. इकडं सगळेच भरते. गाडी हालवून हालवून गळ्यापर्यंत भरते. मंधात पंप कुठी हाय?"

"तिथंच चूक होते मॅडम. जास्तीचं पेट्रोल कोळशाच्या डब्यात जातं. डबा खराब होतो."

हे खरे होते. जंगलपट्ट्यात काठोकाठ टाकी भरल्याशिवाय कोणी निघत नाही. आपल्याकडची ती रीतच आहे. डबा उघडला तेव्हा तो खरोखर पेट्रोलने भिजलेला निघाला. गोकुळाबाईंनी वाद घातला नाही. "हे आपल्या हातून झालं," एवढेच म्हणाल्या, डबा बदलून घेतला आणि त्या दिवसापासून नोझलच्या पहिल्या 'टक्' आवाजाला नळी काढू लागल्या. स्वप्निलचे तेवढे श्रेय मी हिरावून घेणार नाही. पण दिवा पुन्हा पेटला, वास पुन्हा आला, आणि रुखमाताई खिडकीत डोके घालून बसू लागली.

तिसऱ्या वेळी धुराची तपासणी झाली. एका यंत्रात खनिज तेल तापवून पांढरा धूर तयार करतात, तो अगदी हलक्या दाबाने त्या बंद घरात सोडतात आणि विजेरी घेऊन पाहतात. जिथून धुराची रेघ निघेल तिथे भोक. पद्धत बिनचूक आहे. नियमाप्रमाणे गाडी आधी स्वच्छ धुतली गेली, पुसली गेली, रॅम्पवर चढली, धूर सोडला गेला, आणि कोठूनही रेघ निघाली नाही. तपासणी करणारा नागसेन नावाचा कारागीर विजेरी घेऊन दोनदा गाडीखालून फिरला आणि मान हलवत बाहेर आला.

स्वप्निल हसून म्हणाला, "मॅडम, गळती नाहीये. दिवा पण बंद आहे. वास आता... गाडीतून मासळी वगैरे नेता का तुम्ही?"

या प्रश्नामागे काय असते, ते विचारणाऱ्याला माहीत नसेलही. ज्याला विचारतात त्याला ते जन्मापासून माहीत असते. पाणवठ्यावर, शाळेत, भाड्याच्या खोलीसाठी फिरताना कोणाकोणाला कसला वास येतो, याचा माझ्या घराण्यालाही अनुभव आहे. भिंतीवरच्या फलकावर लिहिले होते, 'आपले समाधान, आमचा अभिमान'.

गोकुळाबाईंचा आवाज चढला नाही. "नेतो," त्या म्हणाल्या. "आमच्या तलावाची मासोळी हाय, डब्यात असते माया. तिचा वास मले वळखू येते. पेट्रोलचा बी येते. तुमाले दोन्हीतला फरक नाई समजत, त तुमी पेट्रोलच्या गाडीचं काम कसं करून राह्यले?"

स्वप्निल पुढच्या ग्राहकाकडे वळला. संध्याकाळी मात्र त्याच्याकडून संदेश आला: आमच्या सेवेला दहापैकी दहा गुण द्यावेत. मी स्वतः कंपनीच्या मुख्यालयाला सविस्तर तक्रार पाठवली. उत्तर क्षणात आले; ते एखाद्या यंत्राने लिहिलेले होते आणि त्यात माझे नाव चुकवले होते.

पुढच्या फेरीला वास नव्हता. त्याच्या पुढच्या फेरीला, पोंभुर्णा ओलांडण्याआधीच, पिवळा दिवा पेटला.

महिना संपत आला होता. रविवारी मी रुखमाताईचा निरोप घेऊन गोकुळाबाईंच्या गावी गेलो. निरोप असा होता की, बुधवारची आपली फेरी शेवटची. त्यानंतर तिला न्यायला येऊ नये. तो निरोप कसा सांगावा याचा विचार करीत मी अंगणात शिरलो, तर मनसारामभाऊंनी आपला डोंगा तलावातून काढून दोन ओंडक्यांवर पालथा घातला होता आणि स्वतः त्याच्याखाली शिरून उताणे झोपले होते. तलावाचे पाणी उतरू लागले की दरवर्षी हे होते. डोंगा काही दिवस सावलीत वाळवतात, मग खाली शिरून पाहतात. लाकडातून जिथे उजेडाचा दोरा दिसेल तिथे भेग. तिथे डांबर भरतात.

"भाऊ, तलावात असतानाच का नाही बुजवत?" मी उगीच विचारले.

"पाण्यात भेग दिसन तवा ना," डोंग्याखालून आवाज आला. "लाकूड फुगते अन् भेग मिटून जाते. ओला असला का डोंगा बरोबर असते. वाळला का खोड काढते. मासोळ्या धरासाठी पाण्यात लोटला का घंटाभर पाणी घेते, मंग पुन्हा चूप."

गोकुळाबाई अंगणात व्हॅनच्या चाकाशी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, हातातला पाना मात्र खाली ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात वास आला होता?"

"नाही."

"सेंटरमधून आणल्यावर?"

"एखादी फेरी नाही. मग येतो."

"अन् सेंटरवाले पयले काय करते?"

मला उत्तर द्यावे लागले नाही. गाडी आधी धुतली जात होती. ओली गाडी तपासली जात होती. आणि ओल्या गाडीत काही सापडत नव्हते.

"लोखंड फुगत नाही, गोकुळाबाई," मी रसायनशास्त्राला जागून म्हणालो.

"लोखंड नाई फुगत सर. लोखंडावरचा चिखल फुगते. बांधीच्या रस्त्यानं जातो मी पेशंट आणाले. कुठीतरी बसला असन तो, आतमंधी."

मी बहिणीचा निरोप सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. "मावशीले सांगा, बुधवारची फेरी शेवटची नाई," त्या म्हणाल्या. "अन् तवापर्यंत गाडीले पाण्याचा थेंब लागू देणार नाई मी. डोंग्यासारखी वाळू देतो."

म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही त्या फाटकात होतो, आणि म्हणून गाडी धुवायची नव्हती.

"मॅडम, धुतल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही. पॉलिसी आहे," स्वप्निल सांगत होता.

"मंग आत नोका घेऊ. इथीच तपासा."

"फाटकात कसं तपासणार? मागे कस्टमर थांबलेत."

"मी बी कस्टमरच हाय. मी तर दिवाळीपासून थांबली."

मागच्या मोटारीतल्या एका गृहस्थांनी हॉर्न वाजवला. गोकुळाबाई त्यांच्याकडे गेल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, या गाडीत किडनीचे पेशंट बसते. उद्या सकाळी न्यायचे हाय. तुमची घाई यापेक्षा मोठी असन त सांगा, मी सरकवतो." त्या गृहस्थांनी हॉर्नवरचा हात काढला, थोड्या वेळाने ते खाली उतरून काय चालले आहे ते पाहू लागले. आपला समाज इतका कठोर नाही. त्याला फक्त गाडीतून उतरायला लावावे लागते.

धुलाईवाल्याने एकदा पाईप पुढे केला. गोकुळाबाई पेट्रोलच्या झाकणाखालच्या, मागच्या डाव्या चाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. "आता मार पाणी," त्या म्हणाल्या. त्याने पाईप खाली घेतला.

स्वप्निलने माझ्याकडे पाहिले. माझ्या चष्म्यावरून त्याला समंजसपणाची आशा वाटली असावी. "सर, तुम्ही तरी समजवा ना."

"मी समजावण्यासाठी आलेलो नाही," मी म्हणालो. "साक्षीदार म्हणून आलो आहे."

एवढ्यात आतून नागसेन आला. तेलकट निळा डगला, कानामागे पेन्सिल. तपासणीत काही न सापडल्याचा त्याचा स्वतःचा सल गेला नव्हता, हे त्याच्या चालण्यात दिसत होते. त्याने गोकुळाबाईंना एकच विचारले, "काऊन नाई धुवाची, बाई?"

त्यांनी सांगितले. डोंगा, पावसाळा, धुलाई, चिखल, चार वाक्यांत. नागसेन ऐकत असताना त्याची नजर चाकाच्या वरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या आवरणावर गेली आणि तिथेच राहिली.

"पेट्रोल भराचा नळ याच्याच मागून जाते," तो स्वतःशी म्हणाला. मग स्वप्निलला म्हणाला, "मशीन बाहेर आणतो."

"मॅनेजरसाहेब विचारतील."

"विचारू दे. मले बी त्याईले विचाराचं हाय, का ओल्या गाडीवर धूर काऊन सोडाले लावते म्हणून."

गाडी फाटकातून बाजूला, कडुलिंबाच्या सावलीत घेतली गेली. नागसेनने इंजिन थंड होऊ दिले, नळी जोडली, डब्याच्या हवेच्या वाटेला बूच मारले आणि धूर सोडला. आम्ही सारे वाकून पाहत होतो: हॉर्नवाले गृहस्थ, रखवालदार, धुलाईवाला, अगदी स्वप्निलही. झाकणाजवळ काही नाही. डब्याजवळ काही नाही. गाडीखाली काही नाही. नागसेनने त्या काळ्या आवरणाचे स्क्रू काढून ते खाली ओढले. आत वाळलेल्या चिखलाचा भलामोठा गोळा नळाला बिलगून बसला होता. अनेक पावसाळ्यांच्या बांध्या तिथे थरावर थर चढल्या होत्या. आणि त्या गोळ्याला पडलेल्या एका बारीक भेगेतून, उदबत्तीच्या धुरासारखी, पांढरी रेघ वर येत होती.

नागसेनने पेचकसाने चिखल अलगद फोडला. आतला लोखंडी नळ गंजाने पोखरला होता आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढे भोक होते. धूर आता सरळ बाहेर पडू लागला. नागसेनने बोट ओले करून थोडी माती कालवली आणि त्या भोकावर लावली. धूर थांबला. त्याने स्वप्निलकडे पाहिले. "पायलं? आपण दर वेळी धुऊन धुऊन हेच करून राह्यलो होतो."

नवा नळ दुपारी बसला. मॅनेजर अखेर बाहेर आले, त्यांनी परिस्थितीचे अवलोकन केले आणि सांगितले की, वाहन चिखलात वापरल्यामुळे, म्हणजे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, हा बिघाड झाला, अशी नोंद करावी लागेल.

"करा," गोकुळाबाई म्हणाल्या. "त्याच्या खाली हे बी लिहा, का रस्ता नाई म्हणून गाडी चिखलात जाते. अन् तुमी धुतल्यामुळं भोक सापडलं नाई. तिन्ही लिहा, नाईतर एकबी नोका लिहू."

मॅनेजरांनी एकही न लिहिणे पसंत केले. या संस्थांचा अनुभव असल्याने मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते निघताना. स्वप्निल गाडीजवळ आला आणि सवयीने म्हणाला, "मॅडम, आता नळ नवा आहे. आता धुऊन देऊ का?"

"आता धुवा," गोकुळाबाई म्हणाल्या. "अन् आतून धुवा, आवरणामागून. वरून तर पाऊस बी धुते."

त्याने स्वतः उभे राहून धुऊन घेतली. मासळीच्या प्रश्नाबद्दल मात्र तो काही बोलला नाही, आणि मी ते विसरलेलो नाही.

बुधवारी पहाटेच्या गारव्यात व्हॅन आमच्या दारी आली. रुखमाताई उंबऱ्यातच उभी राहिली. "मी निरोप धाडला होता, का आजची फेरी शेवटची," ती म्हणाली.

"भेटला," गोकुळाबाई म्हणाल्या. "बसा मावशी. काचा बंद ठेवतो. वास आला त मीच परत आणून सोडतो."

ताई पुढच्या आसनावर बसली, नाकाला पदर लावून. गावे मागे पडत गेली. पिवळा दिवा विझलेलाच होता. जंगलाचा पट्टा सुरू झाला तेव्हा तिने पदर काढला, एक खोल श्वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"वास येते," ती म्हणाली.

गोकुळाबाईंनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मी मागच्या आसनावरून पुढे वाकलो.

"कशाचा?"

"तुया डब्यातल्या मासोळीचा. चिंचेचं कालवण हाय का?"

गोकुळाबाईंनी गाडी चालू केली.

"हाय," त्या म्हणाल्या. "अन् थो वास येतच राहीन, मावशी. थो मी कोणत्याबी सेंटरमंधी बंद करून घेणार नाई."

"करू बी नोको," ताई म्हणाली आणि काच बंद ठेवून, डोके मागे टेकून, चंद्रपूर येईपर्यंत झोपली.